नोव्हेंबरातला पाऊस

मे संपत आला की आमच्याकडे माळा उतरवतात. म्हणजे माळ्यावरचं सगळं खाली खळ्यात आणायचं, त्याला ऊन दाखवायचं, 'ह्या कित्याक ठेवलां?' असं एकमेकांना विचारायचं आणि संध्याकाळी त्यातलं बहुतेक सगळं परत वर चढवायचं. यंदा हे काम माझ्याकडे आलं, एक तर आईचे गुडघे आणि दुसरं म्हणजे मी आयतीच माहेरी सापडले. खळ्याच्या एका अंगाला आईने सोलां, म्हणजे कोकमाच्या साली, वाळत घातलेली. दुसऱ्या अंगाला मी, तांब्याचा बंब, दोन कंदील, एक पाय तुटका पाट आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सोळा कॅसेटी.

पंधरा कॅसेटी भजनांच्या. सोळाव्या कॅसेटीवर निळ्या शाईत लिहिलेलं, 'इंग्लिश मिक्स. हात लावू नये.'

अक्षर लालबागच्या दादाचं, म्हणजे थोरल्या काकांच्या मुलाचं. तेव्हा मुंबईत दुकानदार कोरी कॅसेट भरून द्यायचे. तुम्ही गाण्यांची यादी नेऊन द्यायची, तो आठवड्याने हातात ठेवायचा. 1993च्या चतुर्थीला दादा आला तो जीन्सच्या खिशात ही कॅसेट घेऊन. मी पंधरा वर्षांची. आरती झाली, उकडीचे मोदक झाले, पुरुष मंडळी माजघरात आडवी झाली आणि दादाने पडवीत टेपरेकॉर्डर लावला. आधी पियानो, मग कोणीतरी घसा खरवडून गायला लागलं, आणि मग ती गिटार. आमच्या वाडीत भजनाचा गजर चढायला लागला की बुवा पेटीवरून अर्धा उठतो, पखवाजवाल्याच्या कपाळावरचा घाम उडून शेजारच्याच्या झांजेवर पडतो, तसलं काहीतरी ती गिटार एकटीच करत होती.

आजी आतून ओरडली, "कोण मेलो रे ह्येचो? कित्याक इतको रडता?"

दादाने मोठ्या अभिमानाने गाण्याचं नाव सांगितलं. गन्स अँड रोझेस या बँडचं 'नोव्हेंबर रेन', 1991च्या अल्बममधलं, जवळजवळ नऊ मिनिटांचं. त्याचा अर्थ सांग म्हटल्यावर त्याने 'नोव्हेंबरातला पाऊस' एवढाच अर्थ सांगितला. बाबा पडल्या पडल्याच म्हणाले, "नोव्हेंबरात पाऊस? मगे भाताचां काय?"

बाबांचं बरोबर होतं. आमच्याकडे नोव्हेंबरात पाऊस पडला तर कोणी गिटार घेत नाही, ताडपत्री घेतं. कापलेलं भात भिजतं, उडवीला कोंब फुटतात, आंब्याचं काय होईल ते वेगळंच. पण मला त्या दिवसापासून पक्कं कळलं की प्रेम म्हणजे अवकाळी पाऊस. ते पडू नये तेव्हा पडतं, त्यात नुकसान असतं, आणि मग कोणीतरी घराबाहेर जाऊन चार मिनिटं काही न बोलता नुसतं वाजवतं. मी दुसऱ्या दिवशी खळं झाडायची हिरांची केरसुणी आडवी धरून वाजवली. आईने तीच केरसुणी उभी धरून मला परत दिली.

पुष्कळ वर्षांनी त्या गाण्याचा व्हिडिओ पाहिला. चर्चमध्ये लग्न लागतं, डोक्यावर उंच टोपी घातलेला गिटारवाला बाहेर पडून उघड्या माळावर वाजवतो, मेजवानीत धो धो पाऊस येऊन पाहुणे सैरावैरा पळतात, आणि शेवटी नवरीचीच अंत्ययात्रा. कोण मेलं, हे आजीला न बघता कळलं होतं.

गाण्याने असं केलं, तर उरलेलं नुकसान सिनेमाने केलं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला 1995च्या दिवाळीत, आमच्या तालुक्याला पोचेपर्यंत थंडी पडली होती. मी बारावीत. स्टेशनवर ती पाठमोरी चालत जाते आणि तो मनात म्हणतो, 'पलट'. वळून बघितलं तर प्रेम, नाहीतर नाही. आणि शेवटी चालत्या गाडीच्या दारातून पुढे केलेला हात. आम्ही चौघी मैत्रिणी थिएटरातून बाहेर आलो त्या एक शब्द न बोलता, आणि मग अडचण लक्षात आली. आमच्याकडे रेल्वेच नव्हती.

हसू नका, ही खरी अडचण होती. कोकण रेल्वेचं काम चालू होतं, डोंगर पोखरणं चालू होतं, पण सबंध मार्ग सुरू व्हायला 1998चा 26 जानेवारी उजाडायचा होता. तोवर आम्ही धावायचं कशामागे? एसटीमागे? एसटीमागे धावणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट, ते बाजाराची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या बायकाही करतात. शिवाय दार बंद असतं, आणि ते उघडलं तरी हात पुढे करायला तिथे कंडक्टर असतो, तो सुट्टे मागतो.

तरी मी प्रयोग केला. कॉलेजच्या गाडीला एक मुलगा असायचा, आमच्या दोन थांबे आधी उतरायचा. जुलै महिना, खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ. तो उतरला, शेताच्या बांधावरून चालायला लागला. कंडक्टरची एक घंटी झालेली, डबल घंटी व्हायची होती. मी काच चार बोटं वर सरकवली आणि मनात म्हटलं, पलट. नाही वळला. पलट. नाही. पलट.

वळला! वळला आणि धावतच परत आला. माझ्या छातीत अख्खा पखवाज. तो धापा टाकत खिडकीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "ती छत्री देशील काय गो? सीटखाली ऱ्हवली."

दिली. दांड्याला हिरवा दोरा बांधलेली होती, एवढं अजून आठवतं. त्याचं नाव मात्र आठवत नाही.

पुढे रेल्वे आली, पण उशिरा आली. आपली रेल्वे उशिराच येते ते सोडा, मी म्हणते ते वयाबद्दल. ज्या वयात फलाटावर धावायचं त्या वयात फलाट नव्हता, आणि फलाट झाला तेव्हा माझ्या हातात फणसाचे गरे, लाडवांचा डबा आणि पुढे मुलगा. याहून मोठी चेष्टा पुढेच कळली. सिनेमातलं ते शेवटचं स्टेशन पंजाबातलं म्हणून दाखवलंय, पण ते चित्रित झालंय आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपट्याला. आपटा! पनवेल सोडलं की रोह्याच्या वाटेवर लागतं ते. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही पंजाबकडे डोळे लावून बसलो ते कोकणच्या उंबऱ्यावरच होतं.

तेव्हापासून एक खोड लागली आहे. कोकणकन्येने गावी येताना पनवेल गेलं की मी झोपत नाही. खिडकीला कपाळ टेकवून आपट्याची वाट बघते. गाडी तिथे थांबत नाही, बाहेर काळोख असतो, एक-दोन दिवे सपकन मागे जातात आणि ते आपटंच होतं की आणखी काही हेही कळत नाही. आजवर मला आपटा दिसलेलं नाही. नवरा वरच्या बर्थवरून विचारतो, "गेलां काय तुझां स्टेशन?" गेलं म्हटलं की तो कूस बदलतो. दिवसाच्या गाडीने आले तर दुसरी खोड. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरताना मी कानात गाणं लावते, कारण काळोखात चारेक मिनिटं मिळतात आणि कोणी चहावाला मध्ये बोलत नाही. पूर्वी वॉकमनवर गाणं मध्ये अडायचं नाही. आता मोबाइलची रेंज आत शिरल्यावर जाते आणि गिटार ऐन वर चढलेली असताना गोल गोल फिरणारं चक्र दिसतं.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझे कांदेपोह्यांचे कार्यक्रम सहा झाले. मुलाला काही विचारायचं असेल तर विचार, असं मोठी माणसं म्हणायची ती म्हणायची म्हणून, मी मात्र खरंच विचारायचे. "गाणी कुठली ऐकता?" पाच जणांनी एकच उत्तर दिलं, "तशी सगळीच ऐकतो." मला या उत्तराचा तेव्हाही राग होता आणि आजही आहे. सगळीच ऐकणारा माणूस गाणं ऐकत नसतो, गाणं चालू असताना तो दुसरं काहीतरी करत असतो. सहावा म्हणाला, "मी गाणी नाय ऐकत. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकतो." त्याच्याशी लग्न केलं. त्याला गिटार आणि बँजो यातला फरक अजून सांगता येत नाही, पण मॅच कुठल्या षटकात फिरली ते सांगतो.

मधल्या काळात आणखी एक भ्रम होता, एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवाल्याचा. दादाच्या कॅसेटीत त्याचं 'लैला' होतं, 1970चं. नाव फारसी कवी निजामीच्या लैला-मजनूवरून घेतलेलं, आणि गाणं ज्या बाईसाठी ती पॅटी बॉइड, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची, म्हणजे त्याच्या मित्राचीच बायको. हॉस्टेलच्या वयात हे कळल्यावर मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढे 1979मध्ये त्यांनी लग्न केलं आणि दहा-एक वर्षांत ते मोडलंसुद्धा. एवढं गुडघे टेकून मागितलेलं माणूस मिळतं आणि मग तेही टिकत नाही, हे कुठल्याच गाण्यात नव्हतं. तिच्यासाठीच त्याने दुसरं एक गाणं केलं, 'वंडरफुल टुनाईट', 1977च्या अल्बममधलं. जगभर लग्नांत वाजवतात ते. त्याची जन्मकथा अशी की पार्टीला जायचं होतं, बाईंचं आवरत नव्हतं, हे साहेब तयार होऊन खाली ताटकळत बसले होते आणि बसल्या बसल्या गिटार हातात घेतली.

या हिशेबाने माझ्या बाबांच्या नावावर किमान चारशे गाणी हवी होती.

बाबा कुठेही जायचं असलं की तासभर आधी तयार. पांढरा लेंगा-सदरा, खिशात पेन, हातात छत्री, आणि खळ्यात येरझाऱ्या. आई आत. आईला असं लागायचं तरी काय? एक साडी, एक अबोलीचा वळेसर. पावडरही नाही. पण एसटी चुकायची, लग्नाचा मुहूर्त टळायचा, एकदा तर मयताला गेलो ते लोक परत निघाल्यावर.

असो. कॅसेट. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती, जुन्या पापडावर धरते तशी. इथे चपलेला धरते, पट्ट्याला धरते, लग्नाच्या अल्बमला धरते, फितीने काय पाप केलंय. कापसाने पुसत, षटकोनी पेन्सिल घालून सावकाश फिरवत दुपार घालवली. घरचा टेपरेकॉर्डर माळ्यावरून उतरला होता पण त्याचा आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. वाडीतल्या बुवांकडे मात्र अजून चालू मशीन आहे, भजनाच्या जुन्या बाऱ्या ऐकायला ठेवलंय त्यांनी. त्यांचा नातू स्कूटरवरून देऊन गेला.

आई पायरीवर शेंगा सोलत बसली होती. मी बटण दाबलं. आधी खरखर, मग पियानो, जरा ओढल्यासारखा, पाण्याखालून आल्यासारखा. मग गाणारा. मी डोळे मिटून घेतले, पंधरा वर्षांची होण्याच्या तयारीत. गिटार आता येणार, आता येणार, आणि खट्.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन."

बाबा.

शेजारच्या गावात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, होती बहुतेक, ती भरून घ्यायची म्हणून त्यांनी हाताला लागली ती कॅसेट घालून मशीन चालतंय का ते बघितलं असणार. 'हात लावू नये' त्यांना लागू नव्हतं. लाल बटण दाबलं आणि विसरले. मग चपलांचा आवाज, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक कावळा. लांबून कोणाची तरी सायकल.

"आटापलां काय गो?"

चपला.

"अगो, आटापलां काय? बारी सुरू झाली आसतली थंय!"

आतून काही नाही. फक्त बांगड्या, आणि त्याही एकदाच. परत चपला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आवाज मी विसरत चालले होते हे मला तो ऐकल्यावर कळलं. तिसऱ्यांदा हाक आली ती वेगळी होती. बारीक आवाजात, जवळून, उंबऱ्यापाशी येऊन मारल्यासारखी. नाव घेऊन. आमच्या घरात बाबांनी आईचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग खट्, आणि थेट बुवांचा गजर.

मी मशीन बंद केलं. आईच्या हातातली शेंग तशीच होती, अर्धी सोललेली.

"मी तयारच होतंय तेव्हा," ती म्हणाली.

"मगे?"

"मगे काय. भितूर उभी ऱ्हवलेलंय."

आणि शेंगांची परडी उचलून गुडघ्यावर हात देत उठली. "सोलां उचल आधी. पावस येतलो."