घडीवरचं अक्षर

कागदाची घडी वर्षानुवर्षं एकाच जागी पडली की तिथली शाई सगळ्यात आधी उडते. मोडी वाचणाऱ्या माणसाला हे पहिल्याच वर्षी कळतं. मलाही कळलं होतं. तरीही घडीत नसलेलं एक अक्षर मी वाचलं आणि एका घराण्याला त्यांच्या मूळ पुरुषाबद्दल चुकीचं सांगून बसले.

साताऱ्यात माझ्याकडे कागद घेऊन येणारी माणसं बहुतेक जमिनीच्या वादातली असतात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधणारेही खूप येऊ लागले. हा तरुण या दोन्हींतला नव्हता. आताच्या पलूस तालुक्यातल्या एका गावाहून, द्राक्षाची छाटणी मजुरांवर टाकून तो आला होता. "ताई, आमच्या मळ्यातली हीर कुणी पाडली, तेवढं सांगा," म्हणाला. विहिरीला सव्वाशे वर्षं होत आली होती. तिच्या काठावर त्यांना दगड बसवायचा होता आणि त्यावर नाव हवं होतं. नाव घरात सगळ्यांच्या तोंडी होतं, पण त्या माणसाविषयी दुसरं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या माणसाला सगळे 'बाबा' म्हणत; माळावर पहिलं पाणी त्यांनी काढलं, पहिला ऊस त्यांनी लावला, एवढंच. घराण्याच्या इच्छेवरून नाव इथे लिहीत नाही. पण येसू म्हटलं की येसाजीही होतो आणि येसूबाईही, त्याच जातीचं ते नाव होतं. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

माळावर पाणी काढणं म्हणजे काय, हे त्या भागात उभं राहिल्यावरच कळतं. कराडजवळ खोडशीला बंधारा घालून 1860 च्या दशकात कृष्णा कालवा काढला. तो वाळवा, तासगावकडे उतरत गेला आणि त्याच्या खालच्या अंगाची शेतं ओली झाली. यांची जमीन वरच्या अंगाला. पाटाचं पाणी डोळ्यांना दिसायचं, पण ते चढणार कसं? तिथे हुलगा आणि बाजरी, तीही पावसाच्या मर्जीवर. अशा जागी विहीर पाडायची म्हणजे मुरूम संपला की काळा पाषाण, मग सुरुंगाची दारू, मग मोट, नाडा, सौंदर आणि दोन बैलजोड्या. लागलं तर पाणी, नाही तर कर्ज.

अशा शोधात माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: गाव खालसातलं, म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातलं, की संस्थानातलं? सांगली जिल्ह्यात तर हा विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. कुंडल आणि आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे, सांगली आणि मिरज पटवर्धनांकडे, जत वेगळंच. एका ओढ्याच्या दोन काठांची दप्तरं दोन राजवटींची असतात. यांचं गाव जुन्या तासगाव तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजी अमलातलं, म्हणजे सातारा जिल्ह्यातलं. दक्षिण सातारा जिल्हा झाला 1949 साली आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. त्यामुळे 'आमचे कागद सांगलीत सापडत नाहीत' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना मी साताऱ्यातच शोधायला लावते.

सातबाऱ्यावर गट नंबर होता. एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर काढला, क्षेत्र आणि साऱ्याची नोंद असलेला आकारबंद पाहिला आणि फेरफाराच्या, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या, वहीतून मागे मागे गेले. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे फेरफार त्याच्या अलीकडचेच मिळतात. सगळ्यात जुन्या नोंदीत दोन भाऊ होते, बापाच्या नावासकट. विहिरीचा बाबा कुठेच नव्हता.

मग त्याने घरच्या पेटीतल्या एका कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तगाईची, म्हणजे सरकारी कर्जाची, कबुलायत, 1901 ची. छप्पन्नचा, म्हणजे संवत 1956 चा (इ.स. 1899-1900), दुष्काळ नुकताच सरला होता. जमीन सुधारायला सरकारी कर्ज देण्याचा कायदा 1883 चा, आणि विहिरीसाठी तगाई त्याच कायद्याने मिळे. कागदात 300 रुपये, सर्व्हे नंबर, हप्ते असं सगळं होतं, आणि वर ते नाव. नावापुढे घडी होती. घडीत दोन अक्षरं गेली होती, पुढे त्या दोन भावांच्या बापाचंच नाव होतं. मोडीत अक्षरं एकाला एक जोडून, शब्दांत जागा न सोडता लिहितात, त्यामुळे दोन अक्षरं गेली की त्यांचे शेजारीही बिघडतात. दिवसभरात मी पन्नास वेळा 'अमुक बिन तमुक' वाचते. तिथेही 'बिन' वाचलं. बिन म्हणजे मुलगा. म्हणजे विहिरीचा बाबा त्या दोघांचा तिसरा भाऊ, बहुधा निपुत्रिक वारलेला, म्हणून फेरफारात नसलेला. सगळं जुळलं. लिप्यंतर टाइप करून, सही करून पाठवलं. त्याने दगडाची ऑर्डर दिली.

सुगी झाल्यावर हेळवी आला. आपल्याकडे सांगली, कोल्हापूर भागात कर्नाटकातून हेळवी येतात, घराण्याची वही उघडतात आणि पिढ्या म्हणून दाखवतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, हा मोटारसायकलवर आला. तरुणाने फोन सुरू ठेवून मला ऐकवलं. हेळव्याने बाप म्हटला, दोन मुलगे म्हटले आणि पुढच्या पिढीला गेला. तिसरा नाही. पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा म्हटलं. दोनच.

"म्हातारा झालाय, इसरला आसंल," तरुण म्हणाला. मला ते पटलं नाही. घरात मुलगा झाला की त्याचं नाव वहीत चढतं आणि हेळव्याला धान्य मिळतं. मुलगा विसरणं त्याला परवडणारं नाही. विसरलं असेल तर आपल्याकडून, असं मनात आलं आणि रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने निघाले.

सोप्यात पेटी उघडून ठेवली होती. तरुणाची आजी भिंतीला टेकून बसली होती. कागद हातात घेताच कळलं की फोटो फक्त पुढच्या बाजूचा, तोही खालचा दुमडलेला भाग सोडून काढलेला होता. मी तेव्हाच मागची बाजू मागायला हवी होती. कागद दारात नेला आणि उजेड तिरपा पडेल असा धरला. शाई उडाली तरी टाकाचा दाब कागदावर राहतो. घडीच्या उजव्या अंगाला शेवटच्या फराट्याचं टोक उरलं होतं. ते 'न'चं नव्हतं, 'म'चं होतं.

कोम. अमुक कोम तमुक. बायको.

खालची दुमड हळूच सोडवली. सही येत नसलेल्या माणसाची निशाणी तिथे असते: शेतकऱ्याची नांगर, बाईची बांगडी. मी बांगडी शोधत होते. एवढासा गोल, शेकडो कागदांवर पाहिलेला. तिथे नांगर होता. रुमणं, हाळीस, फाळ, चार रेघांत काढलेला.

मला काही सुचेना. नांगर म्हणजे पुरुष, आणि कोम म्हणजे बाई. एकदा चुकले होते, आता घाईने काही बोलायचं नव्हतं. कागद उलटा केला. मागे जामिनाचा मजकूर होता, शाई ठसठशीत, घडीपासून लांब: 'सदरहू बाईने' हप्ता न दिल्यास मी देईन. हे तीन-चार वेळा वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

तरुण काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे बाबा न्हवंच?"

मुलं तेव्हा लहान असावीत. हक्कनोंदणी आली तोवर ती मोठी झाली आणि जमीन त्यांच्या नावावर चढली. फेरफार तेच दाखवतो. हेळव्याची वही बापाकडून मुलाकडे चालते, तिथेही तिला जागा नव्हती. तोंडी नाव तेवढं उरलं, आणि विहीर पाडणारा पुरुषच असणार म्हणून पुढे कुणीतरी त्याला 'बाबा' जोडलं. मीही तेच केलं होतं, तेही शिकलेली, आणि समोर कागद असताना.

आजीने कागद बघायला मागितला. तिला वाचता येत नाही. तिने नांगरावर बोट न टेकवता बोट फिरवलं. मी म्हटलं, "आजी, बायकांची निशाणी बांगडी असते. यांनी नांगर का काढला असेल?"

"नवरा मेल्याला," आजी म्हणाली. "हातात बांगडी न्हाई, तर कागदावर कुठनं काढंल?"

तिच्या बोलण्याला मी शास्त्राचा आधार देऊ शकत नाही. विधवांच्या कागदांवरही मी बांगडी पाहिली आहे. कदाचित लिहिणाऱ्या कारकुनाने विचारलं असेल आणि तिनेच सांगितलं असेल, किंवा त्याने सवयीने काढला असेल, जशी मी सवयीने वाचते. नव्या लिप्यंतरात मी 'निशाणी नांगर' एवढंच लिहिलं. वर 'कोम' लिहून त्याखाली रेघ मारली, आधीचं वाचन माझ्या चुकीने झाल्याचं नोंदवलं आणि आधीचं सही केलेलं लिप्यंतर परत मागून घेतलं.

दगडाचं काम पाथरवटाकडे अर्धं झालं होतं. नाव कोरलं होतं, 'बाबा' अजून बाकी होतं. घरात चर्चा सुरू झाली की आता 'बाई' घालायचं, 'आई' घालायचं की पुढे नवऱ्याचं नाव. बराच वेळ चालली. आजी मध्येच म्हणाली, "नाव हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या. आन् खाली त्यो नांगर काढा."

संध्याकाळची एसटी सोडून दिली. कागदावर पट्टी ठेवून फोटो काढला आणि त्यावरून नांगर पारदर्शक कागदावर उतरवला: मुळात बोटाच्या पेराएवढा, पाथरवटासाठी वीतभर. हाळीस किंचित वाकडं होतं. पाथरवटाने फोनवर विचारलं, सरळ करू का? मी सांगितलं, आहे तसंच ठेवा.