अठ्ठेचाळीस लॉग केबिन आणि एक राणी रंग

काल रात्री शेवटची ओळ जोडली आणि गोधडीचा वरचा थर पुरा झाला. आडवे सहा, उभे आठ असे पट्ट्या जोडून केलेले ४८ चौकोन, म्हणजे ब्लॉक, एकूण ४८ बाय ६४ इंच. अजून अस्तर नाही, बॅटिंग (मधला मऊ थर) नाही, पण पलंगावर टाकून चार वेळा बघून झालंय. मागच्या खेपेला या गोधडीबद्दल लिहिलं तेव्हा नुसता कापडाचा ढीग होता. त्यानंतरची सगळी हकिगत, चुकांसकट.

लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांचं घर, हा गोधडीच्या ब्लॉकचा जुना नमुना. मधे चौकोन, त्याच्याभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या, दोन शेजारच्या बाजू फिकट आणि दोन गडद. अमेरिकेत १८६०च्या दशकापासून या ब्लॉकने जम बसवला. मधला चौकोन लाल ठेवायची जुनी रीत आहे. ओंडक्यांच्या घरातली ती पेटती चूल, असं सांगतात. मी लाल घेतला नाही, हळदी घेतला. कारण काव्यात्म वगैरे नाही. माझ्याकडचं लाल पॉपलिन कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर तासभर बुडवलं, तर चिंधी गुलाबी होऊन बाहेर आली. तीन वेळा धुतलं, तिन्ही वेळा तेच. ते कापड आता पायपुसण्याच्या कामाला.

मापं अशी: मधला चौकोन अडीच इंच कापलेला, पट्ट्या दीड इंच रुंद, तीन फेऱ्या. ब्लॉक साडेआठचा होतो, जोडल्यावर दोन्ही कडांचा पाव-पाव इंच शिलाईत जाऊन आठ. पट्ट्यांच्या लांब्या आधीच कापून ठेवल्या, अडीचपासून साडेआठपर्यंत. फिकट बाजूने सुरुवात केली की एका ब्लॉकला फिकट पट्टी ३० इंच लागते आणि गडद ३६, म्हणून गडद कापड जास्त घ्या. ४२ इंची पन्ना धरला तर हिशेबाने फिकट १.३५ मीटर आणि गडद १.६ मीटर बसतं, पण तुकड्यांच्या उरल्यासुरल्या टोकांत बरंच वाया जातं. मी प्रत्येकी दोन मीटर घेतलं आणि ते जेमतेम पुरलं. सगळी पट्टी एकापुढे एक ठेवली तर ८० मीटर होते. हे गणित मी सगळं कापून झाल्यावर केलं, ते बरं झालं.

आता चूक. पहिले नऊ ब्लॉक शिवताना प्रत्येक पट्टी टोकाला जराशी बाहेर यायची. मला वाटलं कापण्यातच फरक पडतोय. कात्रीने टोक उडवायचं आणि पुढची टीप मारायची, असं नऊ वेळा केलं. मग मोजपट्टी लावली तर सुटा ब्लॉक साडेआठऐवजी आठ इंच! अर्धा इंच गेला कुठे? दोष होता मशीनच्या कापड दाबणाऱ्या साध्या पायाच्या कडेला. त्या कडेला कापड लावून शिवलं की टिपेबाहेरचं मार्जिन पाव इंचाऐवजी एक मिलिमीटर जास्त पडत होतं. एका टिपेत दोन्ही कापडांकडून एकेक, म्हणजे दोन मिलिमीटर. मधल्या चौकोनाच्या दोन्ही अंगांना तीन-तीन, अशा आडव्या सहा टिपा. झाले बारा मिलिमीटर. ज्या टोकांना मी कातरत होते ती बिचारी मला हेच सांगत होती.

उपाय फुकटचा. सुईपासून सहा मिलिमीटरवर, मशीनच्या पत्र्यावर मास्किंग टेपचे सात-आठ थर एकावर एक चिकटवले. कापड त्या भिंतीला टेकवून ढकलायचं. पाव इंच म्हणजे सहाच्या थोडं वर, पण घडीत जो धागाभर जातो तो या फरकातून भरून निघतो. आणि इस्त्री ठेवायची, ओढायची नाही. ओढली की दीड इंची पट्टी धनुष्यासारखी वाकते. दहाव्या ब्लॉकपासून प्रत्येक पट्टी टोकाला टोक जुळली.

एकामागून एक तुकडे न थांबता मशीनखाली सारत गेलं की मागे दोऱ्यावर लटकत राहतात. चेन पीसिंग म्हणतात त्याला. आमच्या घरात त्याला तोरण म्हणायला लागलेत. एका संध्याकाळी अठ्ठेचाळीस चौकोनांचं तोरण खिडकीपर्यंत गेलं होतं.

रंगांचं मात्र सविस्तर सांगते, कारण गोधडी खरी तिथे अडली होती. मला जुन्या लॉग केबिनचे बदामी-तपकिरी नको होते. गडद बाजूला मोरपंखी, वांगी, आमसुली, गर्द हिरवा. फिकट बाजूला मोतिया, लिंबू, अबोली, आणि राणी. राणी रंग फिकट बाजूला का? तर तो झगमगतो म्हणून. सोळा ब्लॉक जमिनीवर मांडले. एकेक ब्लॉक सुरेख, पण सगळे मिळून खिचडी. तिरपी रेघ दिसायला हवी ती कुठेच नाही. फोनवर फोटो काढून त्यातला रंग काढून टाकला, आणि राणी पट्टी शेजारच्या मोरपंखी पट्टीत विरघळून गेली. दोन्ही सारख्याच करड्या! डोळ्याला तो उजळ वाटतो, पण आहे गडद. उलट अबोली, जिची मला धास्ती होती, ती फोटोत निमूटपणे फिकट बाजूला बसली.

राणीच्या सगळ्या पट्ट्या उसवल्या, दोन रविवार गेले. आता राणी गडद बाजूला आहे, आमसुलीला लागून, आणि तिथे ती दुप्पट उठून दिसते. तुम्ही झगझगीत रंग घेणार असाल तर कापण्याआधी कापडं शेजारी-शेजारी ठेवून हा बिनरंगी फोटो काढाच. माझे दोन रविवार तुमच्या कामी येऊ देत.

मांडणीत आधी ‘स्ट्रेट फरो’ लावून पाहिली, नांगराचे सरळ तास. शेजारचा प्रत्येक ब्लॉक अर्ध्या फेरीने उलटा ठेवला की तिरपे पट्टे पडतात. छान दिसली, पण पंचा अंथरल्यासारखी. मग ‘बार्न रेझिंग’, म्हणजे एकात एक हिरे. त्याचा मध्य मी मधे न ठेवता खाली उजवीकडे सरकवला. हिरे आता डावीकडे वर वाढत जातात आणि कडेपाशी अर्धवटच तुटतात. एवढ्या एका सरकवण्याने दीडशे वर्षांची रचना आजची वाटायला लागली. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्या बघितल्यापासून मध्य मधेच हवा हा हट्ट माझा सुटलाय. त्यांचा ‘हाऊसटॉप’ हा लॉग केबिनचाच भाऊबंद. कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या त्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या. त्यांच्या पट्ट्या वाकड्या आहेत आणि अजिबात ओशाळलेल्या नाहीत.

आता प्रश्न तिन्ही थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांचा. मशीनने करायचं नाही हे ठरलंय. जाड सुती दोऱ्याने हाताचा धावदोरा घालणार, आजीच्या वाकळीसारखा. आई म्हणाली, “अगं, मग कडेनं धर. वाकळ कडेनं आत येते.” तिचं खरं आहे. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची गोधडी, म्हणजे कवंदीही कोपऱ्यातून सुरू होऊन फिरत फिरत मध्यात संपते. मग फसलेल्या नऊ ब्लॉकमधले चार जोडले, खाली बॅटिंग-अस्तर लावलं आणि कडेने आत येत शिवलं. मधे फुगा आला, चांगला लिंबाएवढा. कवंदीत ठिगळं एकेक करून, शिवता शिवता ठेवतात, त्यामुळे झोल वाटेतच जिरतो. माझा वरचा थर आधीच अखंड जोडलेला, त्याला जिरायला जागाच नाही. तो नमुना आईला दाखवला. तिने फुगा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, “मग तुझ्या हिऱ्यापासून कर सुरुवात.”

उरलेले पाच ब्लॉक अस्तरात एका ओळीने घालतेय. शनिवारी जमिनीवर तिन्ही थर टेपने ताणून, मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना. दोरा हळदी घ्यावा की राणी, हे अजून ठरत नाहीये.