पेंड्रेडच्या गावात, पावसात

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून निघालेली गाडी तीनेक तासांनी उंच कमानींच्या पुलावर येते आणि उजव्या खिडकीत डरहॅमचं कॅथेड्रल उभं राहतं. सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. मी मात्र एका जुन्या नोंदीपायी आलो होतो. १८९६ साली वॉन पेंड्रेड या इथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं होतं: एकाच घरातल्या दोन बहिणी, दोघी बहिऱ्या, दोघींना गलगंड. माझ्या भाचीच्या फाइलवर याच माणसाचं आडनाव आहे: पेंड्रेड सिंड्रोम, कान आणि थायरॉइड बिघडवणारा जन्मजात आजार.

पाऊस होताच. आत, नक्षी कोरलेल्या अजस्र खांबांमध्ये संध्याकाळचं गायन चालू होतं. बाहेर आलो तर छपराचं पाणी भिंतीवरून धो धो खाली येत होतं. एवढं पाणी वळवायची सोय नसती, तर हे दगड नऊशे वर्षं टिकले असते का?

भाचीचं निदान झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आवाज टिपणाऱ्या केसपेशीच बिघडल्या असणार. पण या आजारात बिघडणाऱ्या ज्या प्रथिनाचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, ते पेंड्रिन केसपेशींत नसतंच! ते असतं आतल्या कानातल्या शंखाच्या बाहेरच्या भिंतीलगतच्या पेशींत, तोल सांभाळणाऱ्या पेशींच्या ठिपक्यांच्या आजूबाजूला, आणि आतल्या कानातून मागे गेलेल्या बारीक नळीच्या टोकाशी, मेंदूच्या आवरणाला टेकलेल्या एका पिशवीत. थोडक्यात, दिवाणखान्यात नाही, मोरीत. क्लोराइड आत घ्यायचं, बायकार्बोनेट बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं काम. ते झालं नाही की जन्माआधीच कानातलं पाणी तुंबतं, नळी फुगते, पाण्याची आम्लता वाढते. पुढे केसपेशी मरतात, पण त्या बिचाऱ्या शेवटच्या बळी. २०१३ मध्ये पेंड्रिन नसलेल्या उंदरांना ते फक्त त्या पिशवीत मिळेल अशी तजवीज केली, तर त्यांचं ऐकणंही वाचलं आणि तोलही. ते वाचून मी दोनदा चहा गार केला होता.

गलगंडाचं कोडंही इथेच सुटतं: गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत हेच प्रथिन आयोडाइड पुढे सरकवतं; ते अडलं की ग्रंथी फुगू शकते.

कॅथेड्रलच्या उत्तर दारावर कडी तोंडात धरलेला ब्राँझचा राक्षस आहे. (ही नक्कल, अस्सल आत जपून ठेवलाय.) पूर्वी ही कडी वाजवली की गुन्हेगारालाही आसरा मिळे. भाचीला फोटो पाठवला. डोक्याला मार लागला तर उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं, म्हणून तिची कबड्डी बंद केलीय; तेव्हापासून ती माझ्यावर रुसलेली.

उत्तर आलं: “मामा, याचे डोळे कुठे गेले?”

मिनिटभराने दुसरं: “आणि कबड्डीचं डॉक्टरांना परत विचारलंस का?”