जेलवर हजर, बाइंडिंगमध्ये शून्य

तपासायला आलेला नमुना मानवी एटी-१ रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचा होता. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक याच प्रथिनावर बसून रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब चढवतं. लोसार्टन आणि त्याच्या कुळातली औषधं याचीच जागा अडवतात. ३५९ अमिनो आम्लांची साखळी, पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेली. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये बनवलेला, शेपटाला हिस्टिडीनचा टॅग. सोबतच्या कागदावर तक्रार थोडक्यात होती: जेलवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावर) बँड नाही, बाइंडिंगही (रिसेप्टरनं आपला रेणू धरणं) नाही. म्हणजे प्रथिन तयारच झालेलं नाही, असा पाठवणाऱ्यांचा निष्कर्ष.

पहिल्या तक्रारीचं उत्तर त्यांनी पाठवलेल्या ब्लॉटच्याच (जेलवरचं प्रथिन अँटिबॉडीनं दाखवणाऱ्या पडद्याच्या) फोटोत होतं. लेन खालपर्यंत कोरी होती, पण वेलच्या (नमुना ओततात त्या खाचेच्या) काठाशी एक काळी, जाड रेघ होती. प्रथिन नसेल तर तिथंही काही दिसायला नको. नमुना ९५ अंशांवर उकळलेला होता, हे विचारायच्या आधीच कळत होतं. पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांना उकळणं मानवतं. पटलात राहणाऱ्या प्रथिनाच्या सातही हेलिक्स (पटल ओलांडणारे पिळाचे भाग) पाण्याला नको असलेल्या. उकळलं की एसडीएस (जेलसाठी घालतात तो साबणासारखा पदार्थ) त्यांना पुरतं झाकायच्या आत त्या एकमेकींना चिकटतात, गोळा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. तोच नमुना एसडीएसच्या बफरमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून चालवला, आणि प्रथिन खाली उतरलं.

उतरलं ते एका रेघेत मात्र नाही. साधारण ५० ते ७५ किलोडाल्टनच्या पट्ट्यात पसरलेला धूसर डाग. हिशेबानं वजन ४१च्या आसपास यायला हवं, म्हणून असा डाग पाहिला की लोक अँटिबॉडीला दोष देतात. इथं तिचा काही दोष नाही. ४, १७६ आणि १८८ या क्रमांकांच्या अ‍ॅस्परॅजिनांवर साखरेच्या साखळ्या चढतात, आणि रेणूगणिक त्यांची लांबी वेगळी. पीएनजीएज-एफ हे साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम घालून ३७ अंशांवर तासभर ठेवलं तेव्हा डाग आवळून खाली आला आणि स्वच्छ बँड मिळाला. प्रथिन होतं, भरपूर होतं, पूर्ण लांबीचं होतं.

मग बाइंडिंग का नाही? मला या प्रकरणात खरं मोल वाटतं ते या प्रश्नाचं.

नेहमीचे संशयित आधी बाजूला केले. शुद्धीकरणात स्थैर्यासाठी कँडेसार्टन घातलं असेल तर ते इतकं हळू सुटतं की नुसत्या धुण्यानं जागा मोकळी होत नाही. इथं कुठलंच औषध घातलेलं नव्हतं. लिगँड, म्हणजे रिसेप्टरवर बसणारा रेणू, होतं सार-१-आइल-८ हे अँजिओटेन्सिनचं बदललेलं रूप, मोजता यावं म्हणून किरणोत्सारी आयोडीन-१२५ लावलेलं. आयोडीन-१२५चं अर्धायुष्य सुमारे ६० दिवस, त्यामुळे जुनं लिगँडही दगा देऊ शकतं. पण त्याच बॅचमधलं लिगँड त्यांच्या न विरघळवलेल्या पटलावर व्यवस्थित बसत होतं. पटलातून प्रथिन विरघळवणारं डिटर्जंट ठीक होतं: १ टक्का डीडीएम, जोडीला ०.२ टक्के कोलेस्टेरिल हेमिसक्सिनेट, आणि धुताना ०.०३ टक्के. डीडीएमचा मिसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे पुंजके) बनण्याचा उंबरठा सुमारे ०.००९ टक्के, त्याच्या बरंच वर. लिगँड धरलेला रिसेप्टर अडवायचे फिल्टरही पॉलिइथिलीनइमाइनमध्ये भिजवलेले होते. तसं केलं नाही तर डिटर्जंटमधला रिसेप्टर काचतंतूंच्या फिल्टरमधून सरळ निघून जातो.

धागा सापडला तो निकेलच्या कॉलममध्ये, म्हणजे हिस्टिडीनच्या टॅगनं प्रथिन पकडणाऱ्या नळीत. वापरलेला कॉलमही सोबत पाठवा, असं आम्ही सांगितलं होतं. ताजं निकेल रेझिन निळसर हिरवं असतं, धातू ओढून घेणाऱ्या ईडीटीएनं निकेल उतरलं तर पांढरं पडतं. हे तपकिरी होतं, वरच्या थरात गडद आणि खाली फिकट. निकेलवर डीटीटी, म्हणजे गंधकाचे बंध तोडणारं रसायन, गेलं की हाच रंग येतो. बफरची कृती मागवली तर ती पेशीच्या आतल्या किनेज नावाच्या एका एन्झाइमसाठी लिहिलेली निघाली, शेवटच्या ओळीत ५ मिलिमोलर डीटीटी. किनेजला ते हवंच असतं. एटी-१ला ते मारक आहे. त्याचा बाहेरचा भाग दोन डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांवर तोललेला आहे: सायस्टीन १८ आणि २७४ यांच्यामध्ये एक, १०१ आणि १८० यांच्यामध्ये दुसरा. ते तुटले की पेप्टाइड धरणाऱ्या कप्प्याचा आकार बिघडतो. जेलला याचा पत्ता लागत नाही, कारण जेलच्या सॅम्पल बफरमध्ये हेच बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल असतंच. तिथं धडधाकट आणि मोडलेला, दोन्ही रिसेप्टर एकसारखेच धावतात.

रंगावरून निकाल द्यायचा नाही म्हणून त्यांच्याच गोठवलेल्या पटलावर चाचणी लावली. एका नळीत नुसता बफर, दुसरीत ५ मिलिमोलर डीटीटी, खोलीच्या तापमानाला अर्धा तास, मग लिगँड. अविशिष्ट बाइंडिंग (रिसेप्टर सोडून इतरत्र चिकटलेलं लिगँड) मोजायला १० मायक्रोमोलर लोसार्टन. डीटीटीच्या नळीत विशिष्ट बाइंडिंग जवळजवळ संपलं. शेजारी एटी-२चं, म्हणजे अँजिओटेन्सिनच्याच दुसऱ्या रिसेप्टरचं, पटल ठेवलं होतं, त्यावर मात्र लोसार्टनऐवजी थंड (किरणोत्सारी नसलेलं) अँजिओटेन्सिन, कारण लोसार्टन एटी-२ला फारसं धरत नाही. त्याच डीटीटीनं एटी-२चं बाइंडिंग घटलं नाही. म्हणजे बिघाड लिगँडमध्ये किंवा फिल्टरमध्ये नव्हता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे दोन उपप्रकार वेगळे ओळखले गेले त्यात डीटीटीला मिळणाऱ्या या उलट प्रतिसादाचा मोठा वाटा होता, आणि आजही ही खूण इतकी स्वच्छ मिळते याचं मला फार अप्रूप वाटतं.

डीटीटीऐवजी टीसेप हे दुसरं बंध तोडणारं रसायन वापरा, असा सल्ला इथं सर्रास दिला जातो. तो ऐकू नये. टीसेप बंध तितक्याच सहज तोडतं, शिवाय निकेलचा रंग फारसा बदलत नाही, म्हणजे हा एक पुरावाही जातो. मोकळ्या सायस्टीनांमुळे गोळे होण्याची भीती असेल तर पटल विरघळवण्याआधी मिलीलीटरला २ मिलिग्रॅम आयोडोअ‍ॅसिटामाइड घालावं, अंधारात, ४ अंशांवर. ते मोकळे थायोल (सायस्टीनांची गंधकाची टोकं) झाकतं आणि जुळलेल्या बंधांना हात लावत नाही.

त्याच पटलातून डीटीटीशिवाय केलेल्या नव्या शुद्धीकरणात बाइंडिंग मिळालं आणि लोसार्टननं ते अपेक्षेप्रमाणे हटलं. आधीच्या नमुन्यातलं डीटीटी डायलिसिसनं काढून रिसेप्टर परत जुळवावा का, असं त्यांनी विचारलं. नको म्हणून कळवलं: डिटर्जंटमध्ये चार सायस्टीन योग्य जोडीनंच परत जुळतील याचा भरवसा नाही. तो नमुना वेस्टर्न ब्लॉटसाठी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून उत्तम आहे. छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावा, नळीवर ‘बाइंडिंगसाठी नाही’ असं लिहावं, आणि चालवताना उकळू नये.