अखेर पिस्टन मिळाले!

आज रविवार. सकाळी साडेसातलाच पुण्याच्या जुन्या बाजारात पोचलो. बाबांच्या राजदूत ३५० मोटारसायकलचं इंजिन मागच्या पावसाळ्यात सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून जाम झालं. तेव्हापासून ०.५० ओव्हरसाइझचे, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे, दोन पिस्टन शोधतोय. दोन सिलिंडर, म्हणजे दोन्हीकडे एकाच मापाचे हवेत. एक मिळून उपयोग नाही.

ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे यामाहाचं आरडी ३५०, ऐंशीच्या दशकात एस्कॉर्ट्सने फरिदाबादला बनवलेलं. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर याच गाड्या शर्यतीत पळायच्या. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे इंधन-हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी भोकं, उघडतो, झाकतो. म्हणून पिस्टन कसाही चालत नाही. स्कर्टची, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाची, उंची जरा चुकली की पोर्टचं टायमिंगच बदलतं.

एका चाचांच्या ताडपत्रीवर, गंजलेल्या चेनखाली, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली जोडी दिसली. डोक्यावर ५० कोरलेलं. हात थरथरत होते, खरंच. दोन्ही मायक्रोमीटरने मोजले. जुळले! भावात घासाघीस केलीच नाही. चाचांनी इतकी वर्षं ते जपले, हेच पुष्कळ.

दुपारी लेथवाल्या काकांकडे ब्लॉक आणि पिस्टन देऊन आलो. आधी पिस्टन मोजणार, मग त्या मापाने बोअर करणार, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणार, असं ते म्हणाले. गुरुवारी मिळेल.

बाबांना फोन केला. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिंगा नीट बघून घेतल्यास ना?"