तुम्ही विचारलंत म्हणून: गंधाराशिवायची पंधरा वर्षं

कार्यक्रम संपला की कोणीतरी थांबतंच. बहुतेकदा आमच्या बँडला वीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैदानावर ऐकलेलं माणूस असतं. प्रश्न ठरलेला असतो: "रॉक का सोडलंत?" त्याच्या पोटात दुसराही प्रश्न असतो, वय झालं म्हणून का? परवा मात्र एका मुलीने तो वेगळ्या तऱ्हेने विचारला. "जुन्या जॅझच्या वळणाची गाणी अमेरिकेत ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच लिहून झालीत. तुम्ही ती मराठीत आज का लिहिता?" उभ्या उभ्या मी नेहमी अर्धंच उत्तर देतो. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी बसून लिहितोय.

माझ्यापुरती सुरुवात एल्व्हिस कॉस्टेलो या इंग्लिश रॉक गायक-गीतकारापासून झाली. १९७७ साली, वयाची तेवीस वर्षंही पुरी झालेली नसताना, या माणसाचा पहिला अल्बम आला. चष्मा, गिटार, आणि शब्द असे की दातांतून बाहेर पडताना ओरखडे काढत यावेत. आम्ही चौघे मित्र त्याच्या पहिल्या दोन अल्बमवर वाढलो. आपलीही गाणी अशी हवीत, तीन मिनिटांची, रागाने भरलेली आणि थांबायला न तयार, असं आम्हाला वाटायचं. मग कुठून तरी त्याच्या गाण्यांचं एक संकलन हाती आलं. त्यात 'ऑलमोस्ट ब्लू' होतं. अगदी संथ पियानो, जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज. मला वाटलं, तिशीच्या दशकातलं कुणाचं तरी जुनं गाणं घेऊन गायलंय. कॅसेटच्या कागदावर पाहिलं तर गीत-संगीत कॉस्टेलोचंच, साल १९८२.

(इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'ऑलमोस्ट ब्लू' नावाचा त्याचा १९८१ चा एक अख्खा अल्बम आहे, पण तो इतरांच्या कंट्री गाण्यांचा. हे गाणं त्यात नाही. ते पुढच्या वर्षीच्या 'इम्पीरियल बेडरूम'मध्ये आलं.)

सत्तावीस वर्षांच्या रागीट पोराला असं गाणं सुचलं कसं, हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. उत्तर त्याच्या घरात होतं. त्याचे वडील रॉस मॅकमॅनस ट्रम्पेट वाजवायचे आणि जो लॉस यांच्या डान्स ऑर्केस्ट्रात गायचे. आठवड्याला नवी गाणी शिकायची आणि ती लोकांच्या नाचासाठी गायची, हे त्यांच्या पोटापाण्याचं काम. आई रेकॉर्डच्या दुकानात काम केलेली. म्हणजे रॉक त्याने बाहेरून आणलं, आणि ही जुन्या धाटणीची गाणी घरातल्या आमटीभातासारखी त्याच्या अंगात होती. १९७९ मध्ये त्याची 'ऑलिव्हर्स आर्मी' इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचली, तेव्हा त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजर्स आणि हार्ट या अमेरिकन संगीतकार-गीतकार जोडीचं १९३७ सालचं 'माय फनी व्हॅलेंटाइन' होतं. लोक पुढची बाजू वाजवत राहिले. मला आता ती मागची बाजू जास्त बोलकी वाटते.

माझ्या घरात ऑर्केस्ट्रा नव्हता. रेडिओ होता, आणि सकाळी भावगीतं होती. याकडे पुन्हा येतो.

आमचा बँड भांडून फुटला नाही, माणसं पांगली. एक बंगळुरूला, एक टोरांटोला, ड्रमरच्या घरात आजारपण. मी एकटा उरलो तेव्हा कळलं की बँडशिवाय माझं एकही गाणं उभं राहत नाही. नुसत्या गिटारवर वाजवलं की ते हाडं काढून घेतल्यासारखं व्हायचं. चाल नव्हतीच मुळी. दणका होता, आणि दणक्यालाच मी चाल समजत होतो.

त्या सुमारास माहीमला एका म्हाताऱ्या गोवेकर पियानिस्टकडे जायला लागलो. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. साठच्या दशकात रात्री चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं रेकॉर्डिंग, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. गोव्यात चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही पिढी. मुंबईच्या सिनेसंगीताला तिने किती दिलं, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये. आपल्या सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट होते, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारे. १९५१ चा 'अलबेला' ऐकताना लोकांचे पाय का हलतात, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

अंकलनी पहिल्या दिवशी माझं गाणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आयक पुता, ह्यात थर्ड खंय आसा?"

मी गडबडलो. थर्ड म्हणजे गंधार, तो ह्यात कुठे आहे, असं ते विचारत होते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, आणि रॉकच्या पॉवर कॉर्डमध्ये ते दोनच, षड्ज आणि पंचम. गंधार नसतोच. त्याला कारणही आहे. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केलेल्या गिटारवर गंधार घातला की सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, आणि सा-प मात्र कितीही आवाज वाढवा, खणखणीत राहतात. पण गंधार शुद्ध की कोमल यावरच तर कॉर्ड मेजर की मायनर हे ठरतं. म्हणजे आनंद की दुःख हे सांगणारा सूरच मी पंधरा वर्षं वगळला होता, आणि ती उणीव ओरडून भरून काढत होतो.

अंकलनी उलटं करायला लावलं. "फिफ्थ फेकून दे. थर्ड आणि सेवन्थ ठेव." गंधार आणि निषाद ठेवायचा, पंचम सोडायचा. रॉकने जे टाकलं होतं तेच इथे जपायचं, आणि रॉक ज्यावर उभं होतं तेच इथे नसलं तरी चालतं. मग त्यांनी मला तीन कॉर्ड दिल्या, डी मायनर सेवन्थ, जी सेवन्थ, सी मेजर सेवन्थ. या वळणाच्या शेकडो गाण्यांचा सांगाडा याच तीन पावलांचा असतो. डावा हात मूळ सूर धरतो, उजव्या हाताची दोनच बोटं, एफ आणि सी. पहिल्या कॉर्डवरून दुसरीवर जाताना सी अर्धा सूर उतरून बी होतो, एफ जागचा हलत नाही. दुसरीवरून तिसरीवर जाताना एफ उतरून ई होतो आणि बी थांबून राहतो. एक बोट चालतं तेव्हा दुसरं थांबतं, मग थांबलेलं चालतं आणि चाललेलं थांबतं. मी महिनाभर एवढंच वाजवलं, बारा पट्ट्यांत. गाण्यात काहीतरी उलगडतंय असं का वाटतं, हे मला त्या दोन बोटांत पहिल्यांदा दिसलं.

दुसरा धडा आकाराचा. ही गाणी बहुधा ३२ बारांची; बार म्हणजे तालाचं एक छोटं माप. आठ बारांची चाल, तीच पुन्हा, मग मधले आठ बार वेगळे, आणि शेवटी पहिली चाल. रॉकमध्ये धृपद तीन-चार वेळा येतं आणि दर वेळी मोठं होतं. आपल्या भावगीतातही प्रत्येक अंतऱ्यानंतर धृपदाकडे परततो. इथे मधले आठ बार एका फेरीत एकदाच येतात. एकदाच बाहेर पडायचं, आणि परत आल्यावर जुनीच चाल नवी वाटली पाहिजे. १९३० सालच्या 'बॉडी अँड सोल'मध्ये जॉनी ग्रीनने मधला भाग मूळ पट्टीच्या अर्धा सूर वर नेला आहे. ऐकताना फक्त वाटतं की खोलीतला उजेड बदलला. परत येताना तो कसा उतरतो ते वाजवून पाहा. जिना बांधणाऱ्या गवंड्याइतकंच नेमकं काम आहे ते.

तर, ही गाणी मऊ असतात म्हणून मी तिकडे गेलो नाही. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नव्हतं. कॉस्टेलोलाही ते फुकट मिळालं नाही. तो रॉकचा नामांकित गीतकार झाला तेव्हाही त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं. नव्वदीच्या सुरुवातीला, ब्रॉड्स्की क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या चमूबरोबर काम करण्याच्या सुमारास तो ते शिकला. मग १९९८ मध्ये अमेरिकन संगीतकार बर्ट बॅकरॅकबरोबर एक अल्बम, आणि २००३ मध्ये 'नॉर्थ'. ड्यूश ग्रामोफोन या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या कंपनीने काढलेला, पियानोवर लिहिलेल्या शांत गाण्यांचा, एक प्रेम संपण्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतचा. त्यातली वाद्यरचना त्याने स्वतः लिहिली. पुष्कळ जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. मला विचाराल तर त्यातली दोन-तीन गाणी एकमेकांसारखी वाटतात, पण एकेक कॉर्ड तोलून ठेवलेली आहे, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणूस नव्याने विद्यार्थी झालेला त्यात ऐकू येतो.

पण खरं उत्तर अजून दिलं नाही. ते चेट बेकर या अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक-गायकापाशी आहे.

'ऑलमोस्ट ब्लू' लिहिताना कॉस्टेलोच्या मनात बेकरने गायलेलं १९३१ सालचं एक गाणं होतं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी बेकर लंडनमध्ये असताना कॉस्टेलोने त्याला 'शिपबिल्डिंग' या गाण्यात ट्रम्पेट वाजवायला बोलावलं. फॉकलंडच्या युद्धावरचं ते गाणं, आणि त्यातला तो ट्रम्पेट मी आजही एका जागी बसून ऐकू शकत नाही. नंतर बेकरने 'ऑलमोस्ट ब्लू' आपल्याकडे घेतलं. १९८७ च्या जूनमधल्या त्याच्या टोकियोच्या मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. त्यात हे गाणं आहे आणि 'माय फनी व्हॅलेंटाइन'ही आहे. एक पंचेचाळीस वर्षांनी जुनं, आणि दोन्ही शेजारी बसली तरी जोड दिसत नाही. वर्षभराच्या आत बेकर गेला. 'ऑलमोस्ट ब्लू' कोणी लिहिलं हे ठाऊक नसलेला माणूस म्हणेल, हे त्याच्याचसाठी लिहिलंय.

मला हे हवं होतं. माझी रॉकची गाणी माझ्या गळ्याची होती, आमच्या बँडची होती. दुसऱ्या कोणी गायली तर ती आमची नक्कल ठरायची. या जुन्या गाण्यांचं तसं नाही. लिहिणारा वेगळा, चाल देणारा वेगळा, गाणारे शंभर, आणि प्रत्येकाचं गाणं खरं. आणि हे कळल्यावर सकाळचा रेडिओ आठवला. आमच्याकडेही हेच होतं की! कवी एक, संगीतकार दुसरा, गायिका तिसरी, आणि गल्लीत कपडे वाळत घालताना गुणगुणणारी माझी आई चौथी. मी परक्या देशातल्या गाण्यांकडे वळलो असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

मराठीत लिहायला बसलो तेव्हा मात्र अडचणी आपल्या निघाल्या. इंग्रजीत यमक मिळवायला झगडावं लागतं, म्हणून ते साधलं की ऐकणाऱ्याला मजा येते. मराठीत क्रियापदंच यमक देतात. आले, गेले, झाले. ते इतकं स्वस्त आहे की कानाला कळतही नाही. म्हणून मी ओळीच्या शेवटी क्रियापद टाळतो आणि यमक ओळीच्या पोटात लपवतो. दुसरं म्हणजे लांब सुराला शेवटी उघडा स्वर लागतो. 'घर' किंवा 'पाऊस' यांच्या शेवटी सूर धरता येत नाही, 'वारा' किंवा 'कधी'वर येतो.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी, आणि ती मला एका गायिकेने दाखवली. भावगीतं गाणारी मुलगी, पुण्यातलीच. माझं एक गाणं तिला गायचं होतं. तालमीला आली आणि म्हणाली, "दादा, पट्टी काळी चार घेऊ ना? आणि इथे 'परतलो' आहे, तिथे मी 'परतले' म्हणते. पण या लांब सुरावर 'ओ' गोल वाटत होता, 'ए' चपटा लागतो."

मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या गळ्यासाठी लिहितोय असं म्हणत होतो, आणि अर्ध्या जगाचे गळे मी एका प्रत्ययाने बाहेर ठेवले होते. इंग्रजीत ही अडचण येत नाही, तिथे 'मी'च्या क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. आपल्याकडे 'मी आलो', 'मी आले'. पण वाटाही आपल्याच भाषेत आहेत. 'मी पाहिलं' कोणीही म्हणू शकतं. 'मी जाईन' कोणीही म्हणू शकतं. 'मला आठवतं' कोणीही. त्या रात्री मी गाण्यातले सगळे 'लो' शोधून काढले. 'उशिरा परतलो' याच्या जागी 'उशीर झाला मला' आलं, आणि शेवटी 'आ' मिळाला.

कार्यक्रमात तिने ते काळी चारला, मी ठरवलेल्या लयीपेक्षा बरंच सावकाश गायलं. शेवटच्या 'मला'वर मी चाल षड्जावर आणून सोडली होती. ती तिथवर आलीच नाही. अर्धा सूर अलीकडे, निषादावर थांबली आणि तिथेच श्वास संपेपर्यंत राहिली. पियानोवर मी होतो. निषादावरचं बोट आधीच्या कॉर्डपासून तिथेच होतं. मी ते उचललं नाही.