आईची पाठ आणि गाडीचा लोगो

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहितेच. आमच्या फोंड्यात कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न कितीला पडली आणि दुसरा नंबर कुठला मिळाला, आत बसल्यावर कसं वाटतं हे कोणी विचारतच नाही.

मागच्या महिन्यात आईला पाठीच्या डॉक्टरांकडे बेळगावला न्यायचं होतं. जाताना चुलतभावाची मोठी एसयूव्ही, येताना मामाची सेकंडहँड स्कोडा सुपर्ब सेडान, कारण मामा नेमका बेळगावात होता. एसयूव्ही कुठली ते सांगत नाही, पण रुबाब असा की चोर्ला घाटात समोरच्या गाड्या आपणहून बाजू देत होत्या, आणि मागे आई दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून, दर खड्ड्याला डोळे घट्ट मिटून बसलेली. अशा बऱ्याच गाड्या लॅडर फ्रेमच्या असतात, खाली पिकअपसारखी चासी आणि त्यावर बॉडी, सात माणसं नि सामान ओढायचं म्हणून मागचं सस्पेन्शन कडक, मग आत दोघंतिघंच असली की मागचा माणूस उडतो. येताना सुपर्बमध्ये आईने चप्पल काढली, पाय लांब केले आणि घाट उतरायच्या आत झोपली पण. सांखळीला जाग आली तर म्हणते, "एवढ्यात आलो?"

मला लक्झरी म्हणजे ती झोप वाटते. लोक बाजू देतात ते स्टेटस.

कंपन्यांना हा फरक चांगलाच माहीत आहे. टोयोटाने 1989 मध्ये एलएस 400 ही इतकी शांत गाडी बनवली की जाहिरातीत चालू इंजिनवर, बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा उभा केला, तरी अमेरिकेत ती टोयोटा म्हणून विकली नाही, लेक्सस हे नवं नाव काढलं. फोक्सवॅगनने उलटं केलं, 2002 मध्ये फेटन ही आलिशान गाडी आणली, जिच्या पायावर पुढे बेंटलीची कॉन्टिनेन्टल जीटी उभी राहिली, पण नाकावर लोगो साधा फोक्सवॅगनचाच. अमेरिकेत ती चार वर्षंसुद्धा टिकली नाही! मला त्या गाडीबद्दल खरंच वाईट वाटतं.

स्टेटस खोटं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. चुलतभाऊ हॉटेलांची कॉन्ट्रॅक्टं घेतो, गेटवर गाडी बघून माणूस आत सोडतात, बोलणी सुरू व्हायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं, त्याच्या धंद्याला ते लागतंच. पण घरासाठी गाडी घेताना स्टेटसचे पैसे मोजायचे आणि आराम मिळाला असं समजायचं, हे मला पटत नाही.

आता धाकट्या भावाला गाडी घ्यायची आहे, त्याला एकच सांगितलंय, शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फेरी मारून परत येऊ नकोस, खड्ड्यांच्या रस्त्याला घे आणि स्टिअरिंगवर तू नको, तू मागे बस. शनिवारी जातोय आम्ही, आई पण येणार आहे.